आधी तिथी, मग दुर्बीण: फाल्गुनातल्या सकाळी अक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी कसे पाहावेत

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आणि अख्खा मार्च, एवढे पाच आठवडे कोकण किनाऱ्यावर पक्षी बघायला मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. डिसेंबर-जानेवारीत बहुतेक पाहुणे पक्षी एकाच मातकट रंगाचे असतात आणि नवख्या माणसाला चिखल्या (प्लोव्हर) आणि बाकीचे सगळे एकसारखेच दिसतात. फाल्गुन आला की त्यांचा रंग पालटू लागतो. कुणाच्या छातीवर तांबूस पट्टा उमटतो, कुणाचं डोकं काळं होतं. याच दिवसांत ते हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी खाऊन-पिऊन अंगावर चरबी चढवत असतात. म्हणून या दिवसांत किनाऱ्यावर जायचं ते दोन गोष्टी पक्क्या ठरवून: पाण्याची वेळ साधायची आणि पक्ष्यांना उडवायचं नाही. बाकी सगळं हळूहळू जमतं.

उदाहरणासाठी मी अलिबागजवळची अक्षी घेतो, कारण तिथला किनारा सपाट, लांबलचक आणि ओळखीचा आहे. हीच पद्धत आंजर्ले, केळशी, वेळास किंवा गुहागरलाही लागू पडते.

आदल्या आठवड्यात: पंचांग उघडा

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं घड्याळ सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला ओली वाळू उघडी पडली की ते तिच्यातले किडे, शिंपले, खेकड्यांची पिल्लं टिपत लांबवर पांगतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना मागे रेटतं आणि सगळे जण कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीनं येऊन उभे राहतात. आपल्याला हवी असते ती ही रेटण्याची वेळ: पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास.

ती वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब अजून कामाला येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नवाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच, आणि रात्रीची भरती साधारण बारा तासांनी. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास उशीर धरावा. अचूक वेळ हवी असेल तर मुंबईच्या अपोलो बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. अलिबागची वेळ त्याच्या अगदी जवळपास असते.

आता सकाळचा मेळ घाला. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सातच्या पाच-दहा मिनिटं आधी उगवतो. भरती साडेनऊ ते अकराच्या दरम्यान पूर्ण होणार असेल, तर उजेड झाल्यापासून पाणी सतत चढत राहतं आणि पक्षी सतत जवळ येत राहतात. म्हणजे द्वादशी, त्रयोदशी आणि चतुर्दशी या तीन तिथी. या मोसमात त्या दोनदा सापडतात: महाशिवरात्रीच्या सकाळी आणि तिच्या आधीच्या दोन दिवशी, आणि पुन्हा होळी पौर्णिमेच्या आधीच्या तीन दिवशी. अमावास्या-पौर्णिमा जवळ असल्यानं हे उधाणाचे दिवस असतात. पाणी खूप वरपर्यंत येतं आणि पक्ष्यांना उभं राहायला जागा थोडी उरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याला जोर नसतो आणि सकाळभर ओहोटीच चाललेली असते. मी पहिल्यांदा अक्षीला गेलो तो असाच चतुर्थीला, रविवार होता म्हणून. समोर नुसती चमकणारी वाळू आणि तिच्या पलीकडच्या टोकाला हलणारे ठिपके. पाऊण तास चालत त्या ठिपक्यांच्या मागे गेलो आणि तेवढाच वेळ ते पुढे सरकत राहिले. तेव्हापासून वार नंतर बघतो, तिथी आधी.

काय बरोबर घ्यायचं

दुर्बीण 8×42 घ्या. यातला आठ म्हणजे आठपट मोठं दिसणं आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहापटीच्या दुर्बिणीत पक्षी मोठा दिसतो, पण समुद्रावरच्या वाऱ्यात हात हलला की चित्रही तेवढंच हलतं. कुणाकडे तिवईवरचा स्कोप, म्हणजे एका नळीची मोठी दुर्बीण, असेल तर त्याच्याबरोबर जा. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) ओळखायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. स्कोप नाही म्हणून थांबू मात्र नका.

कपडे मातकट किंवा राखाडी रंगाचे घाला, पांढरे नकोत. टोपी, पाणी, जुने बूट, छोटी वही आणि पेन्सिल घ्या. दमट हवेत पेनाची शाई फुटते. दुर्बिणीसाठी एक मऊ कापड आणि हवा मारायचा छोटा रबरी फुगा ठेवा. वाळूचा कण भिंगावर असताना कापड फिरवलं तर कायमचा ओरखडा पडतो, म्हणून आधी फुंकून कण उडवायचे आणि मगच पुसायचं. घरी आल्यावर दुर्बिणीचं बाहेरचं अंग ओलसर फडक्यानं पुसून खार काढून टाका.

मुंबईहून निघणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला यावं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सोयीची आहे, पण त्या सकाळची बोट पकडून उजाडताना किनाऱ्यावर पोचणं जमत नाही.

उजाडता उजाडता: सुरूच्या बनातून

अक्षी अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर, अलिबागपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या शिलालेखांपैकी एक, शके 934 म्हणजे इ.स. 1012चा मानला जाणारा, याच गावचा. परतताना पाच मिनिटं काढून तो जरूर बघा.

गाव आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूचं बन आहे. तिथून घाईनं जाऊ नका, पंधरा-वीस मिनिटं नुसतं कान देऊन उभे राहा. या दिवसांत तांबटाचं एकसुरी ‘टुक टुक टुक’ सुरू झालेलं असतं, कोकीळ घसा मोकळा करत असतो, आणि दयाळ थंडीतलं मौन सोडून झाडाच्या शेंड्यावरून गाऊ लागतो. हळद्या, वेडा राघू, कोतवाल हे नेहमीचे. वाडीत पांगारा फुललेला दिसला तर त्याच्यावर नजर ठेवा. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या भोरड्या त्या लाल फुलांवर तुटून पडतात. त्याही परतीच्या तयारीत असतात.

टिटवीचा आरडाओरडा ऐकू आला तर पायाखाली बघून चाला. तिचा विणीचा हंगाम मार्चपासून सुरू होतो आणि अंडी उघड्या जमिनीवरच असतात. ती तुमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, तर आल्या वाटेनं मागे फिरा.

किनाऱ्यावर उतरताना

बनाच्या कडेला, सावलीतच थांबा. पूर्ण किनारा दुर्बिणीनं डावीकडून उजवीकडे सावकाश बघून घ्या आणि थवे कुठे आहेत ते मनात टिपून ठेवा. पाणी कुठवर चढणार हे गेल्या भरतीनं सोडलेल्या रेषेवरून कळतं: सुकलेलं शेवाळ, शिंपल्यांचे तुकडे, प्लास्टिक यांची ती लांब ओळ. थवा आणि ती रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात पक्षी शेवटी येऊन उभे राहणार. त्या पट्ट्यापासून शंभरेक पावलं बाजूला, रेषेच्या वरच्या अंगाला जाऊन बसा. हो, बसाच. उभा माणूस पक्ष्यांना लांबून दिसतो. बसलेल्या माणसाची त्यांना थोड्या वेळानं सवय होते.

पश्चिम किनाऱ्याला सकाळी एक वरदान असतं. सूर्य आपल्या पाठीशी आणि पक्षी समोर, त्यामुळे प्रत्येक पीस उजळून निघतं. शिवाय पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो. विसावलेले पक्षी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, नाहीतर पिसं उलटी होतात. म्हणजे सकाळी सगळा थवा आपल्याकडे तोंड करून, उन्हात उभा असतो. दहाच्या पुढे खारा वारा सुरू झाला की थवा वळतो आणि आपल्याला पाठी बघाव्या लागतात. वाळू तापून हवा थरथरायला लागते ती वेगळीच, मग स्कोपमधूनही काही धड दिसत नाही.

जवळ सरकायचंच असेल तर थव्याच्या रोखानं सरळ चालू नका. तिरकं जा, दहा पावलं टाका, थांबा, खाली बघा. पक्षी खात असतील किंवा एका पायावर चोच पाठीत खुपसून झोपले असतील, तर सगळं ठीक आहे. झोपलेल्यांनी दुसरा पाय खाली टेकला, माना उंच झाल्या, काही जण तुमच्यापासून लांब चालू लागले, की तुम्ही फार पुढे आलात. तिथेच थांबा किंवा दोन पावलं मागे या. पुढची पायरी उडण्याची असते. भरतीच्या वेळी उडालेल्या थव्याला दुसरी जागा सहज मिळत नाही. तो समुद्रावर गोल गोल फिरत राहतो आणि आठवडाभर कमावलेली चरबी जाळत राहतो. चांगला फोटो मिळावा म्हणून धावत जाऊन थवा उडवणारे लोक मी पाहिले आहेत. मला त्याचा मनापासून राग येतो.

कोण कोण दिसेल

आधी चाल बघा, रंग नंतर. चिखल्या धावतो, थबकतो, एक टिपतो, पुन्हा धावतो. त्याचे डोळे मोठे असतात आणि तो नजरेनं शिकार करतो. टिलवे (स्टिंट) आणि तुतवार (सँडपायपर) मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच सतत वाळूत खुपसत राहतात, त्यांचं काम चोचीच्या स्पर्शावर चालतं. एवढा एक भेद डोळ्यांत बसला की समोरच्या गर्दीचे लगेच दोन भाग पडतात.

चिखल्यांमध्ये मानेवर मागून पांढरी पट्टी असलेला, फिकट, चिमुकला तो केंटिश प्लोव्हर. पांढरी पट्टी नाही, अंगानं थोडा भरलेला, तो सँड प्लोव्हर. सँड प्लोव्हर आपल्याकडे दोन. एक लहान, ज्याला अलीकडेपर्यंत लेसर सँड प्लोव्हर म्हणत. आता त्याचे तिबेटी आणि सैबेरियन असे दोन वेगळे पक्षी मानतात, आणि आपल्या किनाऱ्यावर येतो तो तिबेटी. लडाख-तिबेटच्या पठारावर तो वीण करतो. दुसरा मोठा, ग्रेटर, मध्य आशियाच्या वाळवंटी मुलखातला. दोघे शेजारी उभे असताना चोच बघा. चोचीची लांबी चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त भरली, तर बहुतेक मोठा. मोठ्याचे पाय लांब आणि हिरवट-पिवळसर असतात, लहान्याचे काळपट. सुरुवातीला चुका होतील. ‘सँड प्लोव्हर, कोणता ते नक्की नाही’ असं वहीत लिहायला काहीच हरकत नाही.

मी मात्र यांच्याकडे बघत राहतो ते रंगासाठी. एका महाशिवरात्रीच्या सकाळी भरतीच्या रेषेजवळ बसलो होतो आणि एक सँड प्लोव्हर पंधरा-वीस पावलांवर येऊन थांबला. छातीचा पट्टा अजून जुळला नव्हता. राखाडी पिसांमध्ये विटकरी पिसं एकेक करून उगवत होती, कुंकवाची डबी सांडल्यावर उरतात तशी विखुरलेली. डोळ्याभोवतीचा काळा मुखवटा उजव्या बाजूला भरलेला, डाव्या बाजूला अर्धाच. त्यानं एक किडा वाळूतून हळूच ताणून काढला, तुटू न देता, ओल्या वाळूत दोनदा बुडवून धुतला आणि गिळला. मग पाय झटकला आणि पुढे धावला. चारशे मीटरवरून ‘मातकट पक्षी’ एवढंच दिसणाऱ्या जीवात इतकं काही चाललेलं असतं.

लाट मागे फिरली की तिच्या मागे धावणारे आणि लाट परत आली की तिच्या पुढे पळणारे पांढुरके पक्षी म्हणजे सँडरलिंग. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात घरटी करणारा हा पक्षी. त्याच्या पायाला मागचं बोट नसतं, ओल्या वाळूतला ठसा बघितला तर कळतं. शिंपले-दगड उलटून बघणारा, नारिंगी पायांचा तो टर्नस्टोन. काळा-पांढरा अंगरखा आणि गाजरासारखी लांब लाल चोच दिसली तर तो ऑयस्टरकॅचर, कालवं-शिंपले फोडून खाणारा. खाली वळलेल्या लांबलचक चोचीचा कोरल एकटादुकटा लांब उभा असतो आणि सगळ्यांत आधी बुजतो, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवा. तो उडाला की बाकीचेही उडतात. सडपातळ, राखाडी किंवा पूर्ण पांढरा बगळा पाण्याच्या कडेला नाचल्यासारखा धावताना दिसला तर तो समुद्र बगळा.

कुरव ओळखायला मार्चइतका सोपा महिना नाही. तपकिरी डोक्याच्या आणि काळ्या डोक्याच्या कुरवांना हिवाळ्यात ते डोकं नसतंच, कानामागे नुसता एक डाग असतो. फेब्रुवारीअखेरीपासून टोपडं चढू लागतं. तपकिरी डोक्याचा अंगानं मोठा, पूर्ण वाढलेल्याचा डोळा फिकट, आणि उडताना पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी शुभ्र. नावावर जाऊ नका, दोघांचंही डोकं खरं म्हणजे तपकिरीच. या थव्यात सगळ्यांच्या वर मान काढून उभा असलेला, काळ्याभोर डोक्याचा, डोळ्याभोवती पांढऱ्या चंद्रकोरी आणि पिवळ्या चोचीवर काळा-लाल पट्टा असलेला मोठा कुरव म्हणजे पॅलस गल. त्याला एकदा पाहिलं की पुन्हा चुकायचा प्रश्न नाही. गडद राखाडी पाठीचे ह्यूग्लिन गल आणि त्यांची ठिपक्याठिपक्यांची पिल्लं मात्र पहिल्या वर्षी सोडून द्या.

सुरय पक्ष्यांच्या बाबतीत चोचीचा रंग सगळं सांगतो. जाड काळी चोच तो गल-बिल्ड, प्रचंड लाल चोच तो कॅस्पियन, नारिंगी चोच तो लेसर क्रेस्टेड, हिरवट-पिवळी तो ग्रेटर क्रेस्टेड, आणि काळ्या चोचीला पिवळं टोक असेल तर सँडविच.

सगळा थवा एकदम शांत होऊन आडवा बसला किंवा कारण नसताना उडाला, तर वर बघा. ब्राह्मणी घारीला ते फारसे घाबरत नाहीत, पण बहिरी ससाणा आला की घाबरगुंडी उडते. मोठे राखाडी-पांढरे रुंद पंख वर उचलून धरलेले दिसले तर तो समुद्र गरुड.

मोजणी आणि पायातल्या कड्या

थवा स्थिरावला की मोजा. दहा पक्षी मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरा, मग तेवढे तेवढे तुकडे थव्यावर पुढे सरकवा. मोठ्या थव्यासाठी पन्नासाचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांकडून एकेकदा मोजून सरासरी काढा. ‘खूप होते’ या नोंदीचा दहा वर्षांनी कुणालाही उपयोग नसतो, ‘सुमारे 340’चा असतो. सुरुवातीची आणि शेवटची वेळ, चाललेलं अंतर, तिथी आणि पाण्याची स्थिती लिहा आणि घरी गेल्यावर ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. ओळखू न आलेलेही त्यात लिहिता येतात.

पायांकडे बघायची सवय लावा. एखाद्याच्या पायात धातूची कडी किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसली तर डावा पाय की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं-आकडे काय, हे सगळं तिथल्या तिथे लिहा आणि जमला तर फोटो घ्या. ही नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. 1883 साली स्थापन झालेली ही संस्था पक्ष्यांना कड्या घालण्याचं काम अनेक दशकं करते आहे. तुमच्या एका नोंदीनं एखाद्या पक्ष्याचा अर्धा प्रवास उलगडू शकतो.

पाण्याशी खेळ नको

अक्षीच्या उत्तर टोकाला खाडीचं मुख आहे. तिथे पक्षी छान दिसतात, पण चढत्या पाण्यात खाडी ओलांडून पलीकडच्या वाळूवर जाऊ नका. उधाणाच्या दिवशी या भागात भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो आणि पाणी समोरून नाही, पाठीमागच्या ओढ्यांतून आधी भरतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेले लोक दरवर्षी असेच अडकतात. खाडीच्या कडेचा काळा चिखल गुडघ्यापर्यंत रुतवतो, त्यात पाऊल टाकण्याआधी काठीनं तपासा.

आणखी एक. आपल्याबरोबर गावातली कुत्री चालत येतात, प्रेमानंच येतात, पण थवा दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांना बिस्किटं घालून मागे लावून घेऊ नका.

निघताना

पाणी वरच्या रेषेला टेकून उतरायला लागलं की थव्यात हालचाल सुरू होते. पंख ताणले जातात, चोची साफ होतात, आणि मग पहिली ओली पट्टी उघडी पडताच दहा-वीस जण तिच्यावर धावतात. साधारण याच सुमाराला घोडागाड्या आणि पर्यटक किनाऱ्यावर येऊ लागतात. बनातूनच, आलात त्या वाटेनं, परत निघा.

जमलं तर चैत्र वद्य द्वादशी ते चतुर्दशीला याच जागी पुन्हा या. तेव्हा सँड प्लोव्हरांच्या छातीचे पट्टे भरलेले असतात, राहिलेल्या टिलव्यांवर गंज चढलेला असतो, आणि कुरवांची जागा जवळजवळ रिकामी असते. शेवटचा कुरव कोणत्या तारखेला दिसला, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरी तारीख येईल.